शेवट बदलायचा नाही

मालिकेचा शेवटचा भाग ज्या संध्याकाळी लागणार होता, नेमकी त्याच दुपारी चिमी बॅग घेऊन माहेरी आली. तिला दारात पाहून ताईंच्या, म्हणजे तिच्या आत्याच्या, मनात जो पहिला विचार आला, तो त्यांनी पुढे कधी कोणाला सांगितला नाही. कार्टीला आजचाच दिवस सापडला, असा तो विचार होता.

ताईंच्या बाजूनंही बोलायला हवं. उभी हयात त्यांनी कॉलेजात साहित्य शिकवलं. पुस्तकं पुष्कळ शिकवली, पण घरात गाजलं ते एकच. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, उशीएवढी जाड कादंबरी. कालव्याच्या दरवाज्यावर राखण करणाऱ्या माणसाची मुलगी हातमोज्यांच्या एका कारखानदाराला दिली जाते. नवरा श्रीमंत, सभ्य, आणि थंड. तिथं तिचा जीव गुदमरतो, आणि एका हिवाळ्यात ती पायी चालत माहेरी येते. बाप तोवर वारलेला असतो. घरात भाऊ असतो, देवभोळा आणि गावात मान असलेला. दार वाजलेलं त्याला ऐकू येतं. तो दिवा मालवतो आणि खुर्चीत बसून राहतो. सकाळी बहीण पायरीवर मेलेली सापडते.

घरात सगळे या पुस्तकाला ‘ताईची कादंबरी’ म्हणत. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की चिमीला शाळेत जाईपर्यंत ती आत्यानंच लिहिली आहे असं वाटत होतं. आता ताईंच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं तिच्यावर मालिका काढली होती. कालवा तसाच ठेवला, हातमोजे तसेच ठेवले, फक्त माणसं आपल्या भाषेत बोलायला लागली. साहित्य सल्लागार म्हणून ताईंचं नाव प्रत्येक भागाच्या शेवटी येई. ते वाचून व्हायच्या आत निघून जाई, हा भाग वेगळा.

पण ताईंनी नुसतं नाव दिलं नव्हतं. वाहिनीवाल्यांना तो शेवट नको होता. लोक दिवसभर राबून टीव्हीसमोर बसतात, त्यांना बर्फात मेलेली बाई काय दाखवायची, असा त्यांचा सवाल होता. भावानं दार उघडावं, दोघांनी मिठी मारून रडावं, वर थोडं संगीत, असं त्यांनी सुचवलं. ताई स्टुडिओत जाऊन भांडल्या. त्यानं दार उघडलं तर कादंबरी उरते कुठे, असं त्यांनी विचारलं. दिग्दर्शक त्यांना वर्गात घाबरत असे, तो आताही घाबरला. शेवट बदलायचा नाही असं ठरलं. दादा, म्हणजे ताईंचा भाऊ आणि चिमीचा बाप, खाली आपल्या चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मा बसवता बसवता ही हकिकत सांगे. त्यात वाहिनीवाल्यांची संख्या दर वेळी वाढत जाई.

तर असा तो दिवस. ताईंच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी संध्याकाळी यायच्या होत्या. खुर्च्या झटकून झाल्या होत्या. आणि चिमीनं बॅग पायाशी ठेवून सांगितलं, "मी आता तिकडे राहणार नाही."

चिमीच्या आईनं, म्हणजे वहिनींनी, आधी तिला पाणी दिलं, मग मैत्रिणींना फोन करून घरात तापाची साथ आहे असं कळवलं. दोन्ही कामं त्यांनी सारख्याच चेहऱ्यानं केली.

चिमीनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. तिचा नवरा दातांचा डॉक्टर. सकाळी दवाखान्यात जाताना तो घराला बाहेरून कडी घालून जायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा दोघंही हसले होते, सवयीनं लावली म्हणे. मग पुन्हा झालं. मग रोजच व्हायला लागलं. विचारलं तर तो म्हणे, दिवस वाईट आहेत, तू एकटी असतेस. लग्नाआधी चिमी एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती, लोकांना पुन्हा चालायला शिकवायची. आपल्याच दवाखान्यात मदत कर म्हणून त्यानं ती नोकरी सोडायला लावली, आणि मग दवाखान्यात तुझी गरज नाही म्हणाला. आज तिनं खिडकीतून शेजारणीला हाक मारून कडी काढायला लावली, आणि निघाली.

चिमीला वर ताईंच्या खोलीत विश्रांतीला पाठवलं आणि बाकीचे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. या घरातले सगळे निकाल याच टेबलावर लागत आले होते. ताईंचं लग्नसुद्धा याच टेबलावर मोडलं होतं, पण त्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

दादाचं म्हणणं असं की माणूस विसरला असेल. दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकं घालणाऱ्या माणसाच्या मनात शंभर गोष्टी असतात. शिवाय जावई पीत नाही, आवाज चढवत नाही. आजवर सगळ्यांशी किती अदबीनं वागला. दादानं त्याला फोनही करून टाकला होता. संध्याकाळी तो येईल, सगळ्यांसोबत मालिका बघेल, जाताना चिमीला घेऊन जाईल. म्हणजे गाजावाजा न होता प्रकरण मिटेल.

धाकटा भाऊ वकील. घरात त्याला वकील म्हणूनच हाक मारत, त्याची बायकोसुद्धा. त्यानं एकच विचारलं, हात उचलला का? नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जरा निराशा दिसली. तत्त्वतः आपण चिमीच्या बाजूचे आहोत, असं तो म्हणाला. पण कडी हा पुरावा म्हणून कच्चा असतो, कारण कडी प्रत्येक दाराला असते. तेव्हा तूर्तास तिनं परत जावं आणि आपण तत्त्व राखून ठेवावं.

वहिनी दादाच्या पुढ्यातला कप उचलत म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं." गेली कित्येक वर्षं हे वाक्य त्या अशा सुरात म्हणत आल्या होत्या की त्यात होकार किती आणि कंटाळा किती, हे कोणाला कधी कळलं नव्हतं.

मग सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. चिमी ऐकते ती आत्याचं. लहानपणी ती त्यांच्याच अंथरुणात झोपायची, त्यांच्याच पुस्तकांवर रेघोट्या ओढायची. "तू समजाव तिला," दादा म्हणाला. "तुला शब्द सापडतात."

ताई गच्चीवरच्या आपल्या खोलीत गेल्या. चिमी झोपली नव्हती. खाटेच्या कडेवर बसून स्वतःच्या मनगटावर अंगठा फिरवत होती, रुग्णाचा हात तपासावा तसा. ताईंनी चांगली सुरुवात केली. घाईत घेतलेले निर्णय, मनाची अवस्था, थोडा अवधी देणं, असं त्या बोलत गेल्या. आपलं बोलणं आपल्याच कानाला बरं लागतंय, हे त्यांना जाणवत होतं. चिमी मान खाली घालून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आत्या, मला एक सांगायचं होतं."

"आज नको," ताई म्हणाल्या. "उद्या निवांत बोलू. आज सगळेच गडबडीत आहेत."

चिमीनं मान वर केली. "आजचा दिवस तुझा आहे म्हणून?"

तिच्या आवाजात राग असता तर ताईंना उत्तर देणं सोपं गेलं असतं. पण तिनं खरोखरच माहिती विचारावी तसं विचारलं होतं. ताई म्हणाल्या की असं काही नाही. मग त्या खाली आल्या आणि चिमी समजूतदार आहे, असं त्यांनी टेबलाला कळवलं.

जावई वेळेवर आला. फुलं आणली होती, ती त्यानं ताईंना दिली. आजच्या सोहळ्याच्या मानकरी, असं म्हणाला. चिमीला पाहून, "बरं वाटतंय का?" इतकंच विचारलं, जणू ती तब्येत बिघडल्यामुळे इथं आली होती. तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टाकला. सगळ्यांना हायसं वाटलं. दादानं दिवे मालवले.

भाग सुरू झाला. ताईंनी तो स्टुडिओत कच्च्या स्वरूपात पाहिला होता, तरी त्या हरखून गेल्या. ती नटी काही फार मोठी नव्हती, पण तिचं चालणं खरं होतं. बर्फातून ती येत राहिली, कालव्याच्या कडेनं, एका हातात बोचकं, दुसरा हात छातीशी. वहिनींनी पदर तोंडाला लावला तो तिथंच. मग ते घर दिसलं, खिडकीत दिवा. तिनं दार वाजवलं. आत भावानं ऐकलं. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरच थांबून राहिला. यासाठीही ताई भांडल्या होत्या, आणि आता पटलं की बरं झालं. त्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. लोक काय म्हणतील याचा एक साधा, घरगुती हिशेब होता. मग त्यानं वाकून दिवा फुंकला.

खोलीत हुंदके ऐकू येऊ लागले. वकील रुमाल शोधत होता. दादानं चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा घालायचं विसरला. जावयाचेही डोळे भरून आले होते, ते पडद्याच्या उजेडात स्पष्ट दिसत होतं.

"मेल्याला दार उघडायला काय झालं होतं," वहिनी म्हणाल्या. "उठून कडी काढायची, एवढंच ना."

"दगड असतात काही माणसं," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

ताईंनी सहज चिमीकडे पाहिलं. सगळ्यांत कोरडे डोळे तिचे होते. ती पडद्याकडे पाहतच नव्हती. ती एकेकाकडे पाहत होती, आईकडे, बापाकडे, काकाकडे, आणि शेवटी आत्याकडे. तिच्या चेहऱ्यावर थोडं कुतूहल होतं, बस. पडद्यावर नावं सरकायला लागली. ताईंचं नाव आलं असेल आणि गेलं असेल. त्या वेळी त्या भाचीची नजर चुकवायच्या खटपटीत होत्या.

ताईंनी वर्गावर्गात सांगितलं होतं की शोकांतिका माणसाला आतून धुऊन काढते. दिवे लागले, तेव्हा सगळे धुतल्यासारखे दिसतही होते. नाकं लाल, चेहरे मऊ. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. दादानं चष्मा घातला, घसा साफ केला आणि म्हणाला, "चिमे, बॅग घे खाली आणून. डॉक्टरांना सकाळी लवकर जायचं असतं."

चहा उकळायलाही लागला नव्हता. ताईंना हसू आलं. उभ्या जन्माचं शिकवणं या चार माणसांच्या डोळ्यांतून वाहून गेलं होतं आणि रुमालात टिपलं गेलं होतं. आणि जावयानं आपण होऊन त्यात भर घातली.

"एक विचारू का, ताई?" तो म्हणाला. तो खरोखर भारावलेला होता, आणि तेच वाईट होतं. "शेवट तोच हवा होता, यात शंका नाही. पण मला वाटतं बाईनं घाई केली. एवढ्या थंडीत कोणी निघतं का? नवरा काही वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी तिला न्यायला आलाच असता की. थोडं थांबायला हवं होतं तिनं. तुम्हाला काय वाटतं?"

दुपारी गच्चीवरच्या खोलीत ताई जे बोलल्या होत्या, ते जवळजवळ याच शब्दांत होतं. फक्त त्यांच्या बोलण्यात ‘अवधी’ असा शब्द होता.

"हो," ताई म्हणाल्या. "आला असता न्यायला. तो चांगलाच माणूस होता. घेऊन गेला असता आणि दार लावून घेतलं असतं."

जावई हसला. मग त्याचं हसू थांबलं.

"चिमी कुठे जात नाही," ताई म्हणाल्या. "ती माझ्या खोलीत राहील."

दादानं आधी वकिलाकडे पाहिलं, कारण कोणी काही अनपेक्षित बोललं की त्याला कायदा आठवायचा. मग म्हणाला, "खोली तुझी असेल. घर माझं आहे."

हे वाक्य या घरात वडील गेल्यापासून कोणी उच्चारलं नव्हतं. ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून उच्चारायची गरज पडली नव्हती. ताईंना वाटलं होतं की ते ऐकल्यावर आपण मोडून पडू. तसं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "मग तसं स्पष्ट सांग. दोघींना सांग. मीही माझी बॅग भरते."

वय चौसष्ट, गुडघे दुखरे, पुस्तकांची कपाटं भिंत भरून. जायचं कुठे, याचा त्यांनी मुळीच विचार केलेला नव्हता. तरी त्या क्षणी त्यांना स्वतःविषयी फार बरं वाटलं. बर्फात उभं राहिल्यासारखं वाटलं.

"आत्या, तू कुठे निघालीस?" चिमी म्हणाली. "आणि मला कायमचं राहायचंय असं कोण म्हणालं?"

वकील रुमाल खिशात घालता घालता थांबला.

"मी तिकडे राहणार नाही म्हणाले. इथं राहणार आहे असं नाही म्हणाले. रुग्णालयानं मला परत घेतलंय. त्यांच्या वसतिगृहात खोली मिळालीय, ती सोमवारी रिकामी होतेय. मला सोमवारपर्यंत झोपायला जागा हवी होती, एवढंच." ती बापाकडे वळली. "तुम्ही सगळ्यांनी दुपारभर माझ्यावर चर्चा केलीत. मला कोणी विचारलं नाही, चिमे, तुझं काय ठरलंय?"

ताईंना सुटल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं फसवल्यासारखंही. आयुष्यात एकदा त्यांनी सगळं पणाला लावलं होतं, तर समोरच्या व्यक्तीला फक्त सोमवारपर्यंतची खाट हवी होती.

"वसतिगृह?" जावई म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "कोणाला विचारून?" मग त्यानं दादाकडे पाहिलं, एक समजूतदार माणूस दुसऱ्या समजूतदार माणसाकडे पाहतो तसं. "तिला बरं नाहीये. मी म्हटलं होतं ना तुम्हाला. चल चिमे, घरी बोलू."

तो उठला आणि त्यानं चिमीचं मनगट धरलं. जोरात नाही. पुस्तक उचलावं तसं.

वकिलानं घसा खाकरला. सज्ञान व्यक्तीला तिच्या इच्छेविरुद्ध नेता येत नाही, आणि हे तो तत्त्वतः बोलत नसून कलमाच्या आधारे बोलत आहे, असं त्यानं सांगितलं. साक्षीदार म्हणून इथं चौघं हजर आहेत, हेही त्यानं जोडलं. दुपारी कच्चा वाटलेला पुरावा त्याला आता एकदम पिकलेला दिसू लागला होता.

चिमीनं मनगट सोडवून घेतलं. तरी तो उभाच राहिला. दादानं काहीतरी म्हणावं म्हणून वाट पाहत राहिला. दादा आपल्या हातांकडे पाहत होता.

इतक्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. कप मोजूनच आणलेले होते, एक कमी. मग त्या जिन्याकडच्या दाराशी गेल्या, दार उघडलं आणि बाजूला उभ्या राहिल्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्हाला उशीर होईल."

त्या नवऱ्याच्या तोंडाकडे न बघता पहिल्यांदाच काहीतरी बोलल्या होत्या. जावयानं एकेकाचा निरोप घेतला, ताईंचं पुन्हा अभिनंदन केलं आणि पायऱ्या उतरून गेला. वहिनींनी दार लावलं आणि सगळ्यांच्या कपात चहा ओतला. गार होतोय म्हणाल्या.

दादानं चहा घेतला नाही. पुढचे दिवस तो चिमीशी बोलला नाही, ताईंशीही नाही. वहिनींशी बोलला, पण भाजी आणि विजेच्या बिलापुरतं. वहिनींनी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणणं सोडलं नव्हतं. फक्त आता ते ऐकलं की दादा जरा दचकायचा. चिमी ताईंच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपली. ताईंना वाटलं होतं की दोघी पूर्वीसारख्या बोलत बसतील. पण चिमी जुनी पुस्तकं काढून पाठीच्या कण्याच्या आकृत्या पाहत बसायची आणि पाहता पाहता झोपून जायची. ताईंनी एकदा त्या दुपारच्या बोलण्याचा विषय काढून पाहिला. चिमी म्हणाली, "जाऊ दे गं," आणि पान उलटलं. तिनं माफ केलं होतं की तिला तेवढा वेळच नव्हता, हे ताईंना ठरवता आलं नाही.

सोमवारी सकाळी ताई तिला पोचवायला निघाल्या. जिना दुकानातून उतरायचा, त्याला दुसरी वाट नव्हती. दुकान नुकतंच उघडलं होतं. दादा काउंटरमागे वाकून कसलीतरी काच पुसत होता. त्यानं वर पाहिलं नाही. चिमी बॅग घेऊन त्याच्यासमोरून गेली. दारापर्यंत पोचलीसुद्धा.

"चष्मा सरकतोय तुझा," दादा म्हणाला.

चिमी थांबली. तिनं नाकावर बोट लावून चष्मा वर केला. तो सरकत नव्हता.

"इकडे आण."

तिनं चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि त्याशिवाय डोळे बारीक करून उभी राहिली. दादानं बारका पेचकस घेतला. एका बाजूचा स्क्रू पिळला, मग दुसऱ्या बाजूचा. दोन्ही काड्या उघडून मिटून पाहिल्या. काचा पुसल्या, उजेडात धरल्या, पुन्हा पुसल्या. ताई दाराशी बॅग धरून उभ्या होत्या. त्यांना या दुकानातलं काही कळत नसे. पण ही फ्रेम दादानं स्वतः निवडून मुलीला दिली होती आणि तिच्या पक्केपणाचं कौतुक त्यानं महिनाभर जेवताना ऐकवलं होतं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

त्यानं चष्मा स्वतःच्या हातानं चिमीच्या नाकावर बसवला, गिऱ्हाइकांना बसवतो तसा, आणि दोन पावलं मागे होऊन पाहिलं.

"पुन्हा ढिला होईल," तो म्हणाला. "रविवारी घेऊन ये."

"इतक्या लवकर होतो ढिला?"

"होतो," दादा म्हणाला आणि पुढच्या काचेकडे वळला. "या फ्रेमचं काही खरं नाही. दर रविवारी आणावा लागेल."